रंगखात्यापासून प्रकाशापर्यंत



सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसची प्रयोगशाळा छोटीच असते, पण तिथे एक पेटी हमखास सापडते. आतून करडा रंग दिलेली, समोरून उघडी, वरच्या बाजूला वेगवेगळे दिवे बसवलेली ही पेटी म्हणजे कलर मॅचिंग कॅबिनेट. डी-६५ चे बटण दाबले की दिवसाचा उजेड, टीएल-८४ चे दाबले की परदेशातल्या दुकानातल्या ट्यूबचा उजेड, ए चे दाबले की जुन्या पिवळ्या बल्बचा. शेवटचे बटण यूव्हीचे. बाकी दिवे बंद करून ते दाबले आणि पेटीत पांढरा, फिनिश झालेला टॉवेल धरला, तर तो निळसर प्रकाशाने उजळून निघतो. त्याच्या शेजारी ब्लिच न केलेले कोरे सूत ठेवले तर ते जवळजवळ दिसेनासे होते. हा उजेड कापसाचा नव्हे. ब्लिचिंगनंतरच्या बाथमध्ये टाकलेल्या ऑप्टिकल ब्राइटनरचा तो आहे. टिनोपाल, राणीपाल या नावांनी आपल्या घराघरांत जे पोहोचले, त्याच कुळातला हा पदार्थ. कापसाच्या अंगचा पिवळेपणा ब्लिचने पूर्ण जात नाही. ब्राइटनर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतो, निळा प्रकाश बाहेर टाकतो आणि त्या निळ्याने पिवळ्याची भरपाई होते.

आज मला जे मांडायचे आहे ते या पेटीतल्या टॉवेलाशी थेट जोडलेले आहे. वीज दिली की स्वतः पांढरा प्रकाश देणारे कार्बनी पदार्थ, ज्यांच्यापासून ओएलईडीचे पडदे आणि दिवे बनतात, ते घडवण्याचे काम सर्वसाधारणपणे इलेक्ट्रॉनिक्सच्या खात्यात जमा केले जाते. माझे म्हणणे असे की त्याचा गाभा रंगरसायनाचा आहे. शेड जुळवणे, रंग पक्का करणे आणि माल शुद्ध ठेवणे या रंगखात्याच्या तीन जुन्या कटकटी आहेत, आणि या नव्या पदार्थांच्या अडचणीही नेमक्या त्याच आहेत. म्हणून सूत, रंग आणि रसायन यांवर पोट भरणाऱ्या सोलापूरने या क्षेत्रात शिरायचे म्हटले, तर अब्जावधींच्या पडद्यांच्या कारखान्याची वाट पाहायला नको. रेणू बनवणे, गाळून शुद्ध करणे आणि तपासणे या बाजूने दार उघडे आहे. ते सताड उघडे आहे असे मी म्हणणार नाही. आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही अगदी रास्त आहेत.

आधी रसायन पाहू. १९२९ मध्ये पॉल क्राइस या जर्मन रसायनज्ञाने हॉर्स चेस्टनट झाडाच्या सालीतल्या एस्क्युलिन या पदार्थाने कापडाला पांढरेपणा येतो हे दाखवले. ते धुतल्यावर टिकत नव्हते. पुढे स्टिल्बीन या रेणूवर आधारलेले टिकाऊ ब्राइटनर आले. त्यांची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे: कार्बनच्या षट्कोनी कड्या आणि त्यांना जोडणारे दुहेरी बंध, एकाआड एक, सलग. अशा साखळीत इलेक्ट्रॉन एका बंधापुरते बांधलेले राहत नाहीत, साऱ्या रेणूभर पसरतात. त्यांना ऊर्जा मिळाली की ते वरच्या पातळीवर जातात आणि खाली येताना तीच ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतात. साखळी किती लांब, तिच्यावर कोणते गट बसवलेत, यावर प्रकाशाचा रंग ठरतो. साबणाच्या पावडरीत वापरला जाणारा टिनोपाल सीबीएस हा ब्राइटनर डायस्टायरिल बायफिनाइल या सांगाड्याचा आहे. मधे दोन कड्या, दोन्ही बाजूंना दुहेरी बंध, आणि टोकांना पुन्हा कड्या, ज्यांच्यावर पाण्यात विरघळण्यासाठी सल्फोनिक गट बसवलेले. आता ते सल्फोनिक गट काढून टाका आणि दोन्ही टोकांच्या दुहेरी बंधांवर एकेक फिनाइल कडी जास्तीची बसवा. जो रेणू तयार होतो त्याचे नाव डीपीव्हीबीआय. जपानच्या इडेमित्सु कोसान कंपनीने १९९० च्या दशकात ओएलईडीत निळ्या प्रकाशासाठी वापरलेला आणि पुढे अनेक पांढऱ्या उपकरणांत आलेला हा पदार्थ टॉवेलाच्या ब्राइटनरचा सख्खा भाऊ आहे. एकाला अतिनील किरण चेतवतात, दुसऱ्याला वीज.

वीज देऊन कार्बनी पदार्थातून प्रकाश काढायचे प्रयत्न जुने आहेत. फ्रान्समध्ये नान्सीला आंद्रे बर्नानोझ यांनी १९५० च्या दशकात ॲक्रिडीन ऑरेंजसारख्या रंगद्रव्यांवर काम केले. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन पोप यांनी १९६३ मध्ये अँथ्रासीनच्या स्फटिकातून प्रकाश काढला, पण त्याला शेकडो व्होल्ट लागत. खरी वाट सापडली १९८७ मध्ये, कोडॅकच्या प्रयोगशाळेत. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन अतिपातळ थर एकमेकांवर दिले, एकूण जाडी सुमारे १३५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी कमी, आणि १० व्होल्टच्या आत हिरवा प्रकाश मिळवला. या दोन थरांत काय होते? एक होते डायअमाइन, जे फोटोकॉपी यंत्रांच्या संशोधनातून आले होते. दुसरे होते ॲल्युमिनियमचे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनशी झालेले संयुग. आपल्याकडे बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात ॲल्युमिनियमचे प्रमाण काढताना ऑक्सिनने जो पिवळसर साका पाडतात, तो हाच पदार्थ. पुढच्या दहा वर्षांत या उपकरणांमध्ये जे जे घातले गेले त्यावर नजर टाकली तर रंगाच्या दुकानाची वही वाचल्यासारखे वाटते. हिरव्यासाठी क्युमॅरिन, नारिंगीसाठी डीसीएम हे लेसरचे रंगद्रव्य, हिरव्यालाच अधिक तेज आणण्यासाठी क्विनॅक्रिडोन, जे मोटारींच्या रंगात लाल-जांभळे पिगमेंट म्हणून चालते. विद्युतभार आत शिरावा म्हणून कॉपर थॅलोसायनिन, म्हणजे छपाईच्या शाईतले निळे पिगमेंट. पुण्याच्या सुदर्शन केमिकल्सचा रोह्याचा कारखाना या थॅलोसायनिनच्या कुळात वर्षानुवर्षे काम करत आला आहे. रंगद्रव्यांनी पडद्यावर जाऊन केलेले हे काम रंगरसायनशास्त्राचेच एक प्रकरण आहे. ते त्या पुस्तकाला बाहेरून चिकटवलेले नाही.

पांढऱ्या प्रकाशापाशी आल्यावर हे नाते आणखी घट्ट होते. एकटा रेणू चांगला पांढरा प्रकाश सहसा देत नाही. त्याचा स्वतःचा एक रंग असतो. पांढरा हा बहुतेक वेळा मिश्रणातून येतो. जपानच्या यामागाता विद्यापीठात जुंजी किदो यांनी १९९४ मध्ये पीव्हीके या पॉलिमरमध्ये तीन प्रतिदीप्त रंगद्रव्ये मिसळून पांढरा ओएलईडी दाखवला, आणि १९९५ मध्ये वेगवेगळ्या थरांतून तोच परिणाम साधला. रंगखात्यात तीन मूळ रंगांची रेसिपी बसवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की कापडावर रंग प्रकाशातून काही वजा करतात आणि इथे प्रकाशात प्रकाश मिळवला जातो. शिवाय एक जास्तीची गुंतागुंत आहे. एका थरात निळा, हिरवा आणि तांबडा रेणू एकत्र असले, की जास्त ऊर्जेचा निळा आपली ऊर्जा शेजारच्या हिरव्याला देतो, हिरवा तांबड्याला. तांबड्याचे प्रमाण थोडे जरी जास्त झाले तरी तो सगळी ऊर्जा ओढून घेतो आणि पांढऱ्याचा नारिंगी होतो. म्हणून ही प्रमाणे बऱ्याचदा एका टक्क्याच्याही खाली ठेवावी लागतात. आणि रेसिपी पहिल्या दिवशी बसली म्हणून काम संपत नाही. विजेचा दाब बदलला तर शेड सरकते. काही हजार तासांनी निळा रेणू इतरांच्या आधी थकतो, आणि उरलेला प्रकाश पिवळा पडत जातो. एका लॉटची शेड दुसऱ्या लॉटशी जुळेना म्हणून माल परत येण्याचे दुःख ज्याने सोसले आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कार्यक्षमतेचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पदार्थांच्या या शर्यतीचे कारण कळत नाही. वीज दिल्यावर रेणूत जे उत्तेजित इलेक्ट्रॉन तयार होतात, त्यांच्यातला चारातला एकच साध्या प्रतिदीप्तीने प्रकाश देऊ शकतो. तिघांची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. १९९८ मध्ये मार्क बाल्डो, मार्क थॉम्पसन आणि स्टीफन फॉरेस्ट यांनी प्लॅटिनमसारखा जड धातू रेणूत बसवून त्या तिघांनाही कामाला लावता येते हे दाखवले. मग इरिडियमची संयुगे आली. २००९ मध्ये ड्रेस्डेनच्या कार्ल लिओ यांच्या गटाने दर वॅटला ९० ल्यूमेन देणारा पांढरा ओएलईडी प्रसिद्ध केला, म्हणजे त्या वेळच्या चांगल्या ट्यूबच्या तोडीचा. २०१२ मध्ये क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांनी धातूच नको, नुसत्या कार्बनी रेणूची रचना नीट बेतली तर हेच साधते, हे दाखवले. त्यांचा रेणू कार्बाझोलचे चार गट आणि डायसायनोबेंझीन यांचा बनलेला होता. कार्बाझोल म्हणजे कार्बाझोल व्हायोलेट या पिगमेंटचा कच्चा माल. पुन्हा रंगाचीच वही.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतल्या एन. थेजो कल्याणी आणि नागपूर विद्यापीठातले एस. जे. ढोबळे यांनी यूरोपियमच्या संयुगांवर बरीच वर्षे काम केले आहे. यूरोपियम साधारण ६१२ नॅनोमीटरवर अत्यंत अरुंद, शुद्ध तांबडा प्रकाश देते, आणि महागड्या यूरोपियमचा काही भाग इट्रियमने बदलून चालते का, हाही प्रश्न त्यांनी हाताळला. २०१२ मध्ये या दोघांनी ओएलईडी प्रकाशयोजनेचा मोठा आढावा प्रसिद्ध केला आणि २०१७ मध्ये हेंड्रिक स्वार्ट यांच्यासह एक ग्रंथ. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या रंगद्रव्य विभागाने प्रकाश देणाऱ्या रेणूंवर काम केले आहे. १९३३ मध्ये ही संस्था मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघाली तेव्हा तिच्या पहिल्या विषयांत कापड रसायन होते, कारण मुंबईच्या गिरण्यांना त्याची गरज होती. तिचे एक संचालक के. वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगद्रव्यांवरचा त्यांचा अनेक खंडांचा इंग्रजी ग्रंथ जगभरच्या प्रयोगशाळांत आधारग्रंथ मानला गेला आणि त्याच्या पुढच्या खंडांत ब्राइटनरवर स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा ज्ञान आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. गिरणीच्या गरजेतून उभे राहिलेले हे ज्ञान मुंबई-पुण्यापर्यंत वर गेले आणि गिरणगावांकडे परत आले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता शुद्धतेकडे वळतो, कारण माझ्या मते सोलापूरची संधी तिथे आहे. रंग पक्का की कच्चा हे कापडाच्या प्रयोगशाळेत ब्लू वूलच्या पट्ट्यांशी ताडून पाहतात. एक ते आठ असे त्याचे अंक. ब्राइटनरला त्यात फार वरचा अंक मिळत नाही, म्हणूनच उन्हात वाळवलेला पांढरा टॉवेल काही महिन्यांत निस्तेज होतो. निळ्या ओएलईडीचे दुखणेही तसेच आहे. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा मुळातच जास्त, आणि दोन उत्तेजित अवस्था एकमेकींना भिडल्या तर ती ऊर्जा इतकी वाढते की रेणूतला एखादा कमजोर बंधच तुटतो. तुटलेला रेणू पुढे शेजाऱ्यांचा प्रकाश गिळत बसतो. या झिजेला अशुद्धी हातभार लावतात. संश्लेषणात उरलेले क्लोरीन किंवा ब्रोमीन, जोडणीसाठी वापरलेल्या पॅलेडियमचे कण, हे दशलक्षांत काही भाग असले तरी उपकरणाचे आयुष्य घसरते. म्हणून ओएलईडीच्या मालाचे नेहमीच्या स्फटिकीकरणावर भागत नाही, तो संप्लवनाने शुद्ध करतात. एक लांब काचेची नळी आडवी ठेवलेली असते, आत निर्वात. एका टोकाला बोटीसारख्या भांड्यात कच्ची पावडर, आणि नळीभोवती तीन-चार भट्ट्या, प्रत्येकीचे तापमान आधीच्या भट्टीपेक्षा कमी. पावडर न वितळता वाफ होते आणि नळीत पुढे सरकत जाते. जड अशुद्धी मागेच जळकट काळ्या थरात राहतात, हलक्या पार थंड टोकाला जाऊन बसतात, आणि मधल्या एका पट्ट्यात हवा तो पदार्थ चकचकीत पापुद्र्यासारखा जमतो. नळी कापून तेवढाच पट्टा काढून घेतात, आणि पुष्कळदा हीच क्रिया पुन्हा करतात. एका खेपेला मिळतो ग्रॅमांत मोजण्याइतकाच पदार्थ, पण त्या ग्रॅमांची किंमत टॉवेलाच्या गाठींशी तुलना करण्याजोगी असते.

याच कारणाने या व्यवसायात जगभर कोण उतरले ते पाहा. इडेमित्सु ही तेल कंपनी. जपानची होदोगाया ही रंगद्रव्यांची कंपनी. अमेरिकेत युनिव्हर्सल डिस्प्ले कॉर्पोरेशनचे प्रकाशदायी पदार्थ जी कंपनी बनवून देते ती पीपीजी, म्हणजे भिंतीला आणि मोटारींना लागणारे रंग बनवणारी. जर्मनीची मर्क औषधांतून आली. पडदे बनवणाऱ्या कोरियन कंपन्यांना हे पदार्थ हवेत, पण त्यांचे मूळ ज्ञान रंग, तेल आणि औषध यांच्या कारखान्यांत होते. त्याच्याही खाली एक पायरी आहे: मध्यस्थ रसायने बनवणारे, म्हणजे कार्बाझोल, ट्रायफिनाइलअमाइन, बोरॉनिक आम्ले आणि संप्लवनाआधीचा कच्चा माल पुरवणारे. या पायरीवर आज चिनी कारखाने मोठ्या संख्येने आहेत. आपल्याला पहिले पाऊल ठेवायचे तर इथेच.

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की ही गाडी सुटली आहे. प्रकाशाची बाजारपेठ एलईडीने जिंकली. १९९६ मध्ये निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर देऊन पांढरा दिवा बाजारात आला, निळ्या एलईडीबद्दल २०१४ चे नोबेल मिळाले, आणि आपल्याकडे २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींवर एलईडी बल्ब वाटले गेले. ओएलईडीचे दिवे मात्र महागच राहिले. एलजी डिस्प्लेने २०१९ मध्ये दिव्यांचा व्यवसाय सोडून दिला. हा आक्षेप दिव्यांपुरता मला पूर्ण मान्य आहे, आणि छताला ओएलईडी लावायची स्वप्ने सोलापूरने पाहू नयेत असेच मी सांगेन. पण पांढरा कार्बनी प्रकाश संपला, हा निष्कर्ष मात्र चुकीचा. त्याच एलजीने २००९ मध्ये कोडॅकचा ओएलईडी व्यवसाय विकत घेतला होता आणि २०१३ पासून जे मोठे टीव्ही विकले, त्यांच्या प्रत्येक बिंदूमागे पांढरा प्रकाश देणारा कार्बनी थर असतो. समोरच्या रंगीत गाळण्या त्याचे तांबडा, हिरवा, निळा करतात. दिवा म्हणून जे हरले तेच पडद्याच्या आत सर्वात मोठ्या प्रमाणावर वापरले जात आहे. पदार्थ बनवणाऱ्याला तो दिव्यात जातो की पडद्यात याने काही फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो बहुधा अक्कलकोट रोडवरचा कारखानदारच घेईल: आम्ही रंग बनवत नाही, रंग वापरतो. डबे गुजरातहून येतात, आम्ही ते बाथमध्ये टाकतो. हे खरे आहे, आणि हे झाकून सोलापूरचे कौतुक करण्यात अर्थ नाही. प्रोसेस हाऊसमधल्या डायमास्टरने एका रात्रीत सुझुकी जोडणीसारखे संश्लेषण करावे अशी अपेक्षा वेडेपणाची ठरेल. पण संश्लेषण सोलापूर जिल्ह्याच्या आसपास होतच नाही असेही नाही. बालाजी अमाइन्स ही सोलापूरची कंपनी मिथाइलअमाइन आणि त्यापासूनचे डायमिथाइल फॉर्ममाइडसारखे द्रावक बनवते. तिचे कारखाने तामलवाडी आणि चिंचोळीला आहेत. स्मृती ऑरगॅनिक्स औषधांचा मूळ माल बनवते. औषधाच्या कारखान्यात दशलक्षातले भाग मोजण्याची, प्रत्येक बॅचची नोंद ठेवण्याची, अशुद्धीचे नाव-गाव शोधण्याची जी शिस्त लागते, तीच इथे लागते. मला दिसते ते असे: संश्लेषण चिंचोळीसारख्या रासायनिक वसाहतीत, शुद्धीकरण आणि प्रकाशाची तपासणी अक्कलकोट रोडवर, आणि मोजमापाची उपकरणे व माणसे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात. रंगखात्याने यात आणायचे आहे ते रंग मोजायचे शहाणपण. स्पेक्ट्रोफोटोमीटर समोर असूनही अंक आणि डोळा यांचा मेळ न बसला तर काय करायचे, हे ज्ञान कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा शेड मॅचिंग करणाऱ्यांपाशी जास्त आहे.

ही विभागणी मी सोयीसाठी केलेली नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ माणसे गेली, त्यांत लहान मूलही होते. सुताचा लिंट, गाठी, अरुंद वाटा आणि कारखान्याच्या आवारातच माणसांची वस्ती असलेल्या ठिकाणी टोल्यूइन आणि टेट्राहायड्रोफ्यूरानचे पिंप आणून ठेवायचा विचारही कोणी करू नये. संप्लवन हे कोरडे काम आहे. त्यात द्रावक लागत नाही, ज्वालाग्राही वाफ नसते. निर्वात पंप, भट्ट्या आणि बिनखंडाची वीज लागते. म्हणून तेवढेच इथे.

पाण्याचा आणि सांडपाण्याचा प्रश्न सोलापुरात कुठल्याही उद्योगाच्या चर्चेत पहिल्या पाच मिनिटांत निघतो, आणि निघायलाच हवा. शहराला उजनीचे पाणी वर्षानुवर्षे दिवसाआडही मिळाले नाही. एक किलो सूत ब्लिच करून, रंगवून, धुऊन काढायला पन्नास लिटरच्या वर पाणी सहज जाते. त्याच्या तुलनेत पाहा: शंभर नॅनोमीटर जाडीचा थर एक चौरस मीटरवर दिला तर त्यात पदार्थ भरतो साधारण ०.१२ ग्रॅम. एका मोठ्या पडद्याला अनेक थर लागतात आणि वाफ देताना बराच माल भांड्याच्या भिंतींवर वाया जातो, तरी सारा हिशेब ग्रॅमांतलाच. मात्र इथे एक सावधगिरीही सांगतो. अशा नाजूक रसायनांच्या संश्लेषणात एका किलो मालामागे कित्येक किलो टाकाऊ द्रावक आणि क्षार निघतात. औषध उद्योगात हे प्रमाण पंचवीस ते शंभर पटींपर्यंत जाते. एकूण टनेज छोटे म्हणून हे झाकता येणार नाही. द्रावक परत मिळवण्याची सोय नसेल तर चिंचोळीतही हा धंदा सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका बारीक आक्षेपाचे उत्तर द्यायला मला आवडेल, कारण तो रंगखात्यातूनच येतो. ओएलईडीच्या प्रकाशात अतिनील किरण जवळपास नसतात, मग आमच्या पांढऱ्या टॉवेलातला ब्राइटनर त्याखाली चमकणारच नाही. बरोबर. निळ्या एलईडीखालीही तो फारसा चमकत नाही, कारण एलईडीचा निळा साधारण ४५० नॅनोमीटरचा, आणि ब्राइटनरला हवे असते ३४० ते ३८०. ग्राहकाच्या घरी आज बहुतेक एलईडीच असते, म्हणजे डी-६५ खाली पास झालेला पांढरा लॉट घरी गेल्यावर पिवळट दिसण्याची तक्रार आत्ताच येऊ शकते. या तक्रारीवर काम करताना ब्राइटनरची साखळी थोडी लांबवून ४०० नॅनोमीटरच्या पुढे शोषण करणारा रेणू शोधावा लागेल. तेवढ्यावर तो फिका पिवळा दिसू लागतो, मग प्रकाश किती निळा ठेवायचा आणि स्वतःचा रंग किती दिसू द्यायचा याचा तोल साधावा लागतो. जो रसायनज्ञ हा तोल साधेल, त्याने ओएलईडीसाठीच्या निळ्या रेणूचा अर्धा धडा गिरवलेला असेल. टॉवेलाचा प्रश्न आणि पडद्याचा प्रश्न एका प्रयोगशाळेत सोडवता येतात, याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

पेटंटची भिंत मात्र खरी आहे. चांगले चालणारे रेणू कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे आहेत, आणि इरिडियमचे तर विशेषच. पण कोडॅकचे १९८० च्या दशकातले पेटंट आणि इडेमित्सुचे १९९० च्या दशकातले सुरुवातीचे पेटंट यांची मुदत केव्हाच उलटली. त्यांतले पदार्थ आजच्या पडद्यांना पुरेसे नाहीत, पण हात बसवायला उत्तम आहेत. ॲल्युमिनियम ऑक्सिनेट, म्हणजे कोडॅकच्या दुसऱ्या थरातले ते संयुग, एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये बनवता येते. ते संप्लवनाने किती शुद्ध करता येते, दुसऱ्या खेपेनंतर क्लोरीन किती उरते, त्याचा चकाकीचा अंक पहिल्या आणि दहाव्या बॅचमध्ये किती सरकतो, हे मोजत बसायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यानंतर डीपीव्हीबीआय. त्याच्यासाठी लागणारी, फॉस्फोनेटपासून दुहेरी बंध बनवण्याची जोडणी ब्राइटनर उद्योगात पूर्वीपासून वापरात आहे. तिसऱ्या टप्प्यावर अदाचींच्या रेणूच्या कुळातले काही, ज्यात कार्बाझोल लागते आणि इरिडियम लागत नाही. तीन पदार्थ, तीन वर्षांच्या तीन बॅचमालिका, प्रत्येक बॅचची शुद्धता दशांशांपर्यंत आणि प्रत्येकीचा प्रकाश एकाच उपकरणावर मोजलेला. ही वही एखाद्या संशोधन केंद्रासमोर ठेवली, मग ते कानपूरच्या आयआयटीतले लवचिक इलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र असो की मुंबईच्या आयआयटीतला गट, तर ते पहिल्यांदा नमुना मागतील आणि मग दर. पहिल्या पाच वर्षांत नफा मिळणार नाही, आणि ज्या कारखानदाराला तीन महिन्यांचे उधारीचे चक्रच सांभाळणे अवघड जाते त्याला एकट्याने हे पेलणार नाही. म्हणून मशिनरी सामायिक असावी: एक संप्लवनाची भट्टी, एक ग्लोव्ह बॉक्स, एक स्पेक्ट्रोरेडिओमीटर, वसाहतीतल्या सहा-सात प्रोसेस हाऊसनी मिळून विद्यापीठाशी करार करून चालवलेले, आणि त्या भट्टीवर पहिला बसणारा कामगार बाहेरून न आणता रंगखात्यातलाच, ज्याला लॉट नापास का झाला हे शोधायची सवय आहे.